एक ओळ सोडून

“मग यंत्र खोटं बोलतं का, सर?”

शलाकाने चपला काढायच्या आधीच हा प्रश्न पडवीत टाकला. खांद्यावर लॅपटॉपची बॅग, केस विस्कटलेले आणि साऱ्या जगाने संगनमत करून आपल्यालाच फसवल्याचा चेहरा.

परकार सर तांदूळ निवडत बसले होते. मी समोर चहा पीत होतो.

“पाणी पी,” सर म्हणाले.

“पाणी नको. उत्तर हवंय.”

“माठ आत आहे.”

ती आत गेली, पाणी प्यायली, बाहेर आली. सर पाणी पी म्हणाले की आधी प्यायचं आणि मग भांडायचं, हे त्यांच्याकडे शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

हमीद परकार म्हणजे आमचे सर. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या खाडीकाठच्या गावात ट्रस्टच्या हॉस्पिटलचं नेटवर्क उभं केलं. सोबत आम्हाला शिकवलं, फी म्हणून फक्त प्रश्न घेतले. शलाका रेडीज ही त्यांची शेवटची शिष्या आणि आमच्यात सगळ्यात हुशार. तिलाही ते ठाऊक आहे, एवढीच काय ती अडचण. आता हॉस्पिटलचं सगळं तीच बघते. मी शिगवण, सरांचा सगळ्यात आळशी शिष्य. बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, ते चालतं कारण गावात दुसरं नाही.

“काय झालं ते सांग,” सर म्हणाले. “काय वाटतं ते नंतर.”

“फायरवॉलचं अपग्रेड करतेय. नवं व्हर्जन घातलं, यंत्र म्हणालं यशस्वी. रीस्टार्ट झालं. उठल्यावर बघते तर जुनंच व्हर्जन! एरर नाही, तक्रार नाही. पुन्हा केलं. पुन्हा यशस्वी, पुन्हा जुनं. सकाळपासून हेच चाललंय.”

फायरवॉल म्हणजे इंटरनेटच्या दारात बसवलेला राखणदार. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर सोडायचं, हे तो एकेका ओळीत लिहिलेल्या हुकमांवरून ठरवतो. त्या ओळींना आम्ही रूल म्हणतो. बाकी त्यात गूढ काही नाही.

“आज नाही झालं तर?” सरांनी विचारलं.

शलाका खाली बसली. भांडणाचा आवाज गेला आणि खरा आवाज आला.

“उद्या सकाळी शहरातलं हॉस्पिटल जुन्या व्हर्जनची सगळी कनेक्शनं तोडणार आहे, सर. दोन महिन्यांपूर्वीच कळवलंय त्यांनी. मीच म्हटलं, एका रविवारचं काम आहे.”

सरांनी मान हलवली. पुढचं आम्हा तिघांनाही सांगायची गरज नव्हती. आमच्या हॉस्पिटलात हृदयाचा डॉक्टर नाही. कुणाच्या छातीत कळ आली की ईसीजी काढतात, तो त्या कनेक्शनवरून शहरात जातो आणि तिथला डॉक्टर सांगतो, इंजेक्शन आत्ता द्या किंवा देऊ नका. रस्त्याने शहर चार तासांवर आहे. छातीतली कळ एवढा वेळ थांबत नाही.

“फाईल तपासलीस?”

“दोनदा उतरवली. बरोबर आहे.”

“जागा?”

“भरपूर.”

“कंपनीला विचारलंस?”

“बंगळूरला फोन लावला. म्हणतात, लॉग पाठवा. त्या नोंदवहीत काही असेल तर पाठवीन ना!”

“काहीच नाही?”

“एक अक्षर नाही.”

सरांचा हात सुपात थांबला.

“एवढं यंत्र सकाळपासून पडतंय, उठतंय, आणि हूं की चूं नाही… त्याला गप्प बसायला कुणी शिकवलं?”

शलाकाने बॅगेची चेन उघडली आणि परत लावली.

“माझ्या बाजूने काही राहिलेलं नाही, सर. माझी फायरवॉल जिल्ह्यात सगळ्यात स्वच्छ आहे. दर वर्षी बसून एकेक रूल तपासते. ज्याचं काम संपलं तो काढून टाकते.”

“एकेक?”

“…एकेक.”

तो शब्द यायला जरा उशीर झाला. मी दुकानदार माणूस. “नाही हो, लॅपटॉपवर चहाबिहा काही सांडला नाही,” असं सांगताना गिऱ्हाईक असंच थोडं थांबतं. पण मी बोललो नाही. आळशी शिष्याला गप्प बसणं चांगलं जमतं.

“बरं,” सर म्हणाले. “यशस्वी, असं कोण म्हणालं?”

“यंत्र.”

“कोणतं?”

“सर, एकच तर यंत्र आहे!”

“खोल्या दोन आहेत त्यात. एकीत जुना राहतो. नव्याला दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायचं, एवढंच जुन्याचं काम. त्याने ठेवलं आणि म्हणाला, यशस्वी. खोटं कुठे बोलला?”

“आणि नवा?”

“नवा उठला असेल. समोर काहीतरी आलं असेल, जे त्याला वाचता आलं नाही. मग परत आडवा झाला आणि जुना उठून कामाला लागला. घर बंद पडू नये म्हणून तशी सोयच असते.”

“पण मग सांगायचं ना, काय वाचता आलं नाही ते!”

“तू विचारतेस कुणाला? जुन्याला. बाबा रे, कसा आहेस? तो म्हणतो, मी बरा आहे. तो बराच आहे, पोरी.”

हुशार माणसाला गोष्ट समजली की चेहऱ्यावर आधी राग येतो आणि मग हसू. तिचा राग दिसला, हसू काही आलं नाही.

“म्हणजे नवा उठत असतानाच त्याला ऐकायचं.”

“कन्सोलला जाता येतं इथून?”

“येतं. मागच्या वाटेने, सिमकार्डावरून.” कन्सोल म्हणजे यंत्र उठता उठता जे पुटपुटतं ते दाखवणारा पडदा. तिने लॅपटॉप उघडला. “मी आपली वेबपेजवरच बघत बसले. तिथे जुना उठल्याशिवाय काही दिसतच नाही.”

“काखेत कळसा आणि बंगळूरला वळसा,” मी म्हणालो.

“शिगवणदादा, तुम्ही चहा प्या.”

तिने हॉस्पिटलला फोन लावला. “लतिका सिस्टर, पुन्हा दहा मिनिटं लाईन जाईल. छातीचं कुणी आलंय?… नाही ना? आलं तर ईसीजीचा फोटो काढून मोबाइलवर पाठवा, मी पुढे पाठवते. दहा मिनिटांपुरतं चालेल, रोज शहरवाले असं घेत नाहीत.”

मग तिने अपग्रेड पुन्हा सुरू केलं. आम्ही तिघे त्या लहानशा पडद्याभोवती डोकी घालून बसलो. सरांनी चष्मा पुसून परत लावला.

यशस्वी, असं आलं. पडदा काळा झाला. मग पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकू लागल्या. नवा उठत होता. त्याने आपलं नाव सांगितलं, नवा व्हर्जन नंबर सांगितला. जुन्याने लिहून ठेवलेले रूल तो एकामागून एक वाचू लागला, आणि एका ओळीवर थबकला.

शलाकाने पटकन पडद्यावर तळहात ठेवला.

…

सगळा पडदा झाकला गेला. बोटांच्या फटीतून अक्षरं हलताना दिसत होती, वाचता येत नव्हती.

“हात काढ,” सर म्हणाले.

“नको, सर. कळलं मला. मी बघते काय ते. घरी जाऊन करते.”

“शलाका.”

“सर, प्लीज.”

सरांनी तिचं मनगट धरलं. ओढलं नाही, नुसतं धरून ठेवलं. थोड्या वेळाने तिचाच हात खाली आला.

नवा केव्हाच परत झोपला होता. पण जाताना जे बोलला होता ते पडद्यावर तसंच होतं. इंग्रजी ओळ होती. मैमूना नावाच्या रूलमधलं कुलूप मला ओळखता येत नाही, मी माघारी जातो, असा तिचा अर्थ.

मैमूना म्हणजे सरांची बायको. आमची चाची. या पडवीत बसून आम्ही जेवढं नेटवर्किंग शिकलो, त्याहून जास्त तिच्या हातची सांदणं खाल्ली. साथीच्या वर्षी चाचीला आयसीयूत ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी सरांनाही ताप आला. त्यांना घरीच कोंडून घ्यावं लागलं. आयसीयूत मोबाइलला रेंज नव्हती, आणि असती तरी चाचीला हातात फोन धरवत नव्हता. फक्त खाटेसमोर एक कॅमेरा होता, सिस्टरना बाहेरून लक्ष ठेवता यावं म्हणून. तेव्हा सरांनी घरून फोनवर एकेक शब्द सांगितला आणि शलाकाने हॉस्पिटलात बसून टाइप केला. त्या कॅमेऱ्यापासून सरांच्या घरापर्यंत एक वाट उघडली. सरांच्या घरातला डबा, म्हणजे राउटर, जुना, म्हणून वाटेचं कुलूपही जुन्या पद्धतीचं. सगळं झाल्यावर तिने विचारलं होतं, “रूलला नाव काय देऊ, सर?” सर काही बोलेनात. मग तिनेच नाव दिलं.

चाची रोज संध्याकाळी कॅमेऱ्याकडे बघून बोटं हलवायची. इकडून सर हात हलवायचे. तिला ते दिसत नव्हतं. तरी हलवायचे.

मग एका पहाटे चाची गेली. वाट राहिली.

“चार वर्षं,” सर म्हणाले, “तू हिच्यावरून पुढे जातेस?”

“दर वर्षी या ओळीपाशी येते, सर. बोट उचलते आणि पुढच्या ओळीवर ठेवते. बाकी एकेक तपासते, ते खरंय. ही सोडून.”

“आणि यंत्र? ते तर सांगतं आधी. अपग्रेडच्या आधी तपासणी होते.”

“सांगायचं. दर वेळी याच ओळीवर ओरडायचं. कुलूप जुनं झालंय, वाट बंद करा. ऑडिटवाल्यांना दिसलं असतं तर त्यांनी एका क्षणात काढून टाकलं असतं. म्हणून मी त्याला सांगितलं… या ओळीबद्दल कधी काही बोलायचं नाही.”

“आणि ते बोललं नाही.”

“नाही.”

“गुणी यंत्र आहे,” सर म्हणाले. “मीही बोललो नाही.”

त्यांनी आत पाहिलं. मीही पाहिलं. आतल्या खोलीत कपाटावर तो जुना डबा होता आणि त्याच्यावर एक हिरवा दिवा लागलेला होता, म्हणजे वाट अजून उघडी होती. मी या घरात आठवड्यातून दोनदा चहा पितो. तो दिवा मला आज दिसला.

“तिला बघायचो तो स्क्रीन मी तेव्हाच मशिदीतल्या मदरशाला देऊन टाकला,” सर म्हणाले. “बघत काही नव्हतो. त्या खाटेवर आता दुसऱ्याची माणसं असतात… फक्त दिवा होता.”

शलाकाने डोळे पुसले आणि एकदम ताठ बसली. तिच्यातली हुशारी जागी झाली होती.

“सर, ऐका. वाट काढायची गरजच नाही! कुलूप फक्त बदलायचं. माझ्याकडे नवा डबा आहे, ऑफिसात पडून आहे. शिगवणदादा गाडीवरून आणतील. इकडे बसवते, तिकडे रूल नव्या पद्धतीने लिहिते. नवं व्हर्जन वाचेल. उद्याचं कामही होईल आणि… आणि दिवाही राहील.”

“होईल तसं?”

“अर्ध्या तासात.”

मी उठलोच होतो. किल्ली खिशातून काढलीसुद्धा. सर त्या दिव्याकडे बघत होते आणि मला मनापासून वाटत होतं, की त्यांनी हो म्हणावं. सुरक्षा गेली चुलीत, म्हाताऱ्या माणसाच्या घरात एक दिवा राहिला तर जगाचं काय बिघडतं?

“त्या खाटेवर आज कोण आहे?” सरांनी विचारलं.

“…माहीत नाही, सर.”

“मलाही नाही.”

मी परत बसलो.

“काढ,” सर म्हणाले.

“मी नाही काढणार.”

“उद्या सकाळी कुणाच्या तरी छातीत कळ येईल.”

“माहितेय मला! पण माझ्या हाताने नाही होणार, सर. तुम्ही दुसरं काहीही सांगा.”

सर रागावले नाहीत. त्यांनी लुंगीला हात पुसले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि पडद्याकडे जरा वेळ बघत राहिले.

“कुठे दाबायचं?” त्यांनी विचारलं.

ज्या माणसाने आम्हा सगळ्यांना कुठे दाबायचं ते शिकवलं, तो विचारत होता. शलाकाने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला रडू आवरेना. रडत रडतच ती सरकून त्यांच्या शेजारी आली. “इथे, सर,” तिने दाखवलं. “मग ही ओळ… मग इथे. आता विचारेल, नक्की ना?”

यंत्राने विचारलं, नक्की ना?

सरांचं बोट बटणावर होतं. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. तिने आपलं बोट त्यांच्या बोटावर ठेवलं. कुणी दाबलं ते मला सांगता येणार नाही.

आतला दिवा लगेच नाही विझला. थोडा वेळ हिरवा राहिला, मग लुकलुकला, मग पिवळा झाला. मग नव्हता.

…

“आता अपग्रेड कर,” सर म्हणाले. “आणि आधी त्याचं तोंड उघड.”

तिने गप्प बसण्याचा तो हुकूम काढून टाकला. तपासणी सुरू झाल्याबरोबर यंत्राने दोन किरकोळ तक्रारी केल्या. घड्याळ थोडं मागे आहे आणि कुठलासा पासवर्ड फार जुना झालाय.

“बोलतंय, सर!” शलाका म्हणाली. नाक लाल, डोळे सुजलेले, आणि तक्रार ऐकून एवढा आनंद झालेला इंजिनियर मी दुसरा पाहिला नाही.

तिने दोन्ही गोष्टी दुरुस्त केल्या आणि अपग्रेड सोडलं. पडदा काळा झाला. पांढऱ्या ओळी वर सरकल्या. नवा उठला, एकेक रूल वाचत गेला, कुठेही अडला नाही. शेवटी त्याने नवं व्हर्जन सांगितलं आणि कामाला लागला.

“यशस्वी म्हणतोय,” मी म्हणालो.

“म्हणू दे,” सर म्हणाले. “ईसीजी पाठवून बघ.”

आता पाठवायचा कुणाचा? हॉस्पिटलात छातीचं कुणी आलेलं नव्हतं, देवाची कृपा. शेवटी लतिका सिस्टर स्वतःच टेबलावर आडव्या झाल्या आणि दुसऱ्या सिस्टरने त्यांचा ईसीजी काढला. शलाका फोन कानाला लावून बसली. थोड्या वेळाने शहरातल्या डॉक्टरांचं उत्तर आलं. पेशंट ठणठणीत आहे, उगाच काळजी करू नये, वजन थोडं कमी करावं. शेवटच्या वाक्यावर सिस्टर फोनवर एवढ्या तापल्या की पडवीत आम्हालाही ऐकू आलं.

सर हसले. मग आम्हीही हसलो. आता उद्या सकाळी कुणाला कळ आली तर उत्तर येणार होतं.

मी चहा टाकायला आत गेलो. कपाटाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. बाहेर शलाका सरांच्या पायांपाशी बसली होती.

“सर, मी चुकले ना?”

“कशात?”

“तेव्हाच काढायला हवं होतं. कामाच्या जागी असं मन गुंतवून चालत नाही.”

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“यापुढे नियमच करते,” ती म्हणाली. मी चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा तिचा तो नेहमीचा ठाम आवाज परत आला होता. “कुणासाठी अशी वाट उघडावी लागली तर उघडायची, पण त्याच दिवशी तिला शेवटची तारीख घालायची. नव्या व्हर्जनमध्ये सोय आहे तशी. तारीख आली की यंत्र आपोआप वाट बंद करतं. कुणाला विचारायला नको, कुणाला सांगायला नको. कुणाला त्रास होत नाही.”

सरांनी कप हातात घेतला.

“चांगली सोय आहे,” ते म्हणाले. “तारीख घालत जा.”

“हो, सर.”

“…पण बंद करायला यंत्राला लावू नकोस. तारीख आली की तू स्वतः ये.”